विडी वळणाऱ्या अव्वाचं कॅरेक्टर करतेय, पण तिच्या अंगात वजन येत नाहीये

पूर्वभागची_पोर

नमस्कार. मी सोलापूरची, अ‍ॅनिमेशनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. राहायला पूर्व भागात. वडील पॉवरलूमवर, आई आणि अव्वा (आजी) विडी वळतात. या सत्राला प्रत्येकाने स्वतःचं एक कॅरेक्टर डिझाइन करायचं आणि त्याची तीसेक सेकंदांची फिल्म करून द्यायची, असं काम आहे. मी अव्वाच घेतलीय.

गोष्ट एवढीशी आहे. अव्वा उंबऱ्याशी बसून विडी वळतेय. विड्यांचा शेवटचा कट्टा (जुडी) बांधून होतो, ती सूप बाजूला ठेवते, उठते आणि विड्या द्यायला निघते. दोनच महत्त्वाचे शॉट आहेत, हातांचा आणि उठण्याचा. मला वाटलं होतं हातांचा जड जाईल, उठण्याचा होऊन जाईल. पण दोन्हीकडे अडकलेय.

आधी हातांचं सांगते, कारण ज्यांच्या घरी विडी नाही त्यांना कळायचं नाही. अव्वा तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. ती मऊ झाली की पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापते. मग मांडीवर सूप. डाव्या हातात कापलेलं पान, उजव्या हाताने तंबाखूची चिमूट त्यावर लांबट पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी वळायला घ्यायचं. एक टोक निमुळतं होत जातं. दोऱ्याचे वेढे, दोरा तुटला, टोक आत दुमडलं, विडी सुपात. हे सगळं होताना अव्वा हाताकडे बघतच नाही. टीव्हीकडे बघते, नाहीतर गल्लीत कोण आलं ते बघते. मी जवळ बसून बघत राहिले की म्हणते, "काय बघालीस गं माझ्या हाताकडं? लहानपणापासून बघितली नाहीस का?" बघितलंय, पण सेकंदाच्या चोवीस फ्रेममध्ये कधी बघितलं नव्हतं.

माझ्या रिगमध्ये (कॅरेक्टर हलवायच्या सांगाड्यात) दहाही बोटं वेगळी हलतात. प्रत्येक बोटाला कीज (ठरावीक फ्रेमला नोंदलेल्या पोज) दिल्या आणि हात किड्यासारखा वळवळायला लागला. अव्वाचा हात शांत असतो. तो शांतपणा मला आणता येत नाहीये.

दुसरं, उठणं. सरांनी बघितलं आणि म्हणाले, वजन नाही, ही वर तरंगतेय. त्यांचं बरोबर आहे, मलाही दिसतं. कमरेची उंची वाढते, गुडघे सरळ होतात, सगळं होतं, पण लिफ्टमधून वर आल्यासारखी येते. ग्राफ एडिटरमध्ये (हालचालीच्या आलेखात) वळणं गुळगुळीत केली तर आणखीच तरंगते.

तिसरं डिझाइनचं. मी तिला पाच डोक्यांची, म्हणजे तिच्या डोक्याच्या पाचपट उंचीची केलीय, खरी अव्वाही बुटकीच आहे. पाठ वाकलेली, मान पुढे, पंजे अंगाच्या मानाने मोठे. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात डोळे मोठे कर, चेहरा गोड कर, बाहेरच्या स्टुडिओला ही आजी कळणार नाही. एकजण तर म्हणाली विडी कशाला, लोकर विणताना दाखव. सरही म्हणाले की अजून अपील कमी आहे. मला लोकर विणणारी आजी करायची नाही. आमच्या गल्लीत लोकर कोणी विणत नाही. पण शोरील (कामाच्या नमुन्यांची फिल्म) याच्याच जोरावर पाठवायची आहे, त्यामुळे हट्ट कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, ते कळत नाहीये.

सॉफ्टवेअर: स्केच आणि टर्नअराउंड (सगळ्या बाजूंनी काढलेलं कॅरेक्टर) क्रिटामध्ये, रिग आणि अ‍ॅनिमेशन ब्लेंडरमध्ये. कॉलेजात माया हे सॉफ्टवेअर शिकवतात, पण घरच्या लॅपटॉपवर ब्लेंडरच आहे आणि काम रात्री घरीच होतं. कोणी या क्षेत्रातलं असेल तर सविस्तर सांगा.

---

हैदराबादचा_सोलापूरकर

ताई, तुझी पोस्ट वाचून जेवण तसंच ठेवून लिहायला बसलो. मी हैदराबादेत एका स्टुडिओत कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर आहे. घर साखरपेठेत, माझीही आजी विडी वळायची.

उठण्यापासून घेतो. जमिनीवर बसलेल्या माणसाचा भार बुडाखाली असतो. उठायचं तर आधी तो भार पावलांवर आणावा लागतो, त्याशिवाय शरीर वर येऊच शकत नाही. म्हणजे उठण्याची सुरुवात वर जाण्याने होत नाही, पुढे झुकण्याने होते. डोकं आणि छाती पावलांच्या वर येईपर्यंत पुढे जातात, आणि मगच कंबर सुटते. तू कमरेला थेट वरची की दिली असणार, म्हणून लिफ्ट. अव्वाचं वय बघता ती एक हात गुडघ्यावर किंवा चौकटीवर टेकवेल, एक पाय आधी जवळ ओढेल, बूड उचलेल, क्षणभर वाकलेल्याच अवस्थेत थांबेल, आणि पाठ सगळ्यात शेवटी सरळ होईल. तीही पूर्ण नाहीच होणार. त्या मधल्या वाकलेल्या पोजला फ्रेम दे. सहा दे, आठ दे. वजन त्या थांबण्यात दिसतं.

ग्राफबद्दल. ब्लेंडर असो की माया, दोन कीजच्या मधलं ते स्वतः भरतं आणि दोन्ही टोकांना मऊ करून ठेवतं. त्यामुळे प्रत्येक हालचाल हळू सुरू होते, हळू संपते, आणि सगळं पाण्यात चालल्यासारखं दिसतं. आधी इंटरपोलेशन (कीजच्या मधलं भरणं) कॉन्स्टंट ठेव, म्हणजे मधलं काही भरलं जाणार नाही. पोजेस टप्प्याटप्प्याने उडी मारू देत. त्यातच वजन दिसेपर्यंत बेझियरला (मऊ वळणांना) हात लावू नकोस. नंतर जिथे पाऊल टेकतं, हात गुडघ्यावर आपटतो, तिथे हँडल तोडून वळण टोकदार कर. पाऊल टेकल्यावर एक-दोन फ्रेममध्ये सपाट व्हायला हवं. टेकण्याच्या फ्रेमला कंबर सर्वांत खाली नसते, त्यानंतर थोडी आणखी दबते. चालीच्या चार पोज तुम्हाला शिकवल्या असतील: कॉन्टॅक्ट, डाउन, पासिंग, अप. नव्या मुलांची डाउन पोज लाजरी असते. ती खोल कर. आणि कंबर, छाती, डोकं हे तिघं एकाच फ्रेमला खाली पोचू देऊ नकोस. कंबर आधी, छाती एक-दोन फ्रेम मागून, डोकं त्याच्याही मागून.

आता सोलापुरात आहेस तर एक काम कर. गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) जवळ आलाय, नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) पेलण्याचा सराव संध्याकाळी सुरू झाला असेल. जा आणि बघ. मिरवणुकीत गर्दीमुळे फक्त काठीचं टोक दिसतं, सरावात पाय दिसतात. इतकी उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलणारा माणूस वजनाशी कसा वागतो हे जगातल्या कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नाही. पावलं आणि कंबर बघ, चेहरा नंतर. मी इथे भारी वस्तू उचलणारे राक्षस अ‍ॅनिमेट करतो तेव्हा अजून तेच डोळ्यासमोर आणतो.

हातांसाठी: बोटं मोजू नकोस, पोज मोज. पान तळहातावर, तंबाखू पसरली, वळली, दोरा बांधला. चार पोज. यात बोटांना मुठीसारखं एकत्र हलव, फक्त अंगठे आणि तर्जनी वेगळी. करंगळी-अनामिका जवळजवळ स्थिर ठेव, तू म्हणतेस तो शांतपणा तिथून येईल. पान वळताना त्याचं मेश (थ्रीडी आकार) वाकवत बसू नकोस. तीन वस्तू कर, सपाट पान, अर्धं वळलेलं, पूर्ण विडी. अंगठा पान झाकतो त्या फ्रेमला एक लपव, दुसरं दाखव. ती वस्तू हाताला चाइल्ड ऑफ कन्स्ट्रेंटने (एक वस्तू दुसरीबरोबर हलवणाऱ्या बंधनाने) बांध, सुपात पडताना प्रभाव शून्यावर आण. कोणाला कळणार नाही.

डोळे मात्र टीव्हीकडेच ठेव. ही तुझ्या फिल्ममधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. याच्यावरून बघणाऱ्याला कळतं की या बाईने आयुष्यभर हेच केलंय.

अपीलबद्दल सर चुकीचं बोलत नाहीयेत, पण त्याचा अर्थ गोड चेहरा नाही. डिस्नेच्या दोन जुन्या अ‍ॅनिमेटरांनी, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी, १९८१ साली जी बारा तत्त्वं पुस्तकात मांडली त्यात अपील आहे, आणि खलनायकालाही ते लागतं असंच त्यांचं म्हणणं आहे. बघत राहावंसं वाटलं पाहिजे, एवढंच. आकार स्पष्ट नसेल तर सुंदर डोळेही कामाला येत नाहीत. टर्नअराउंड इथे टाकशील का?

---

ग्राफकागद

मी अ‍ॅनिमेशनमधला नाही. मी निवृत्त आहे, चादरी आणि टर्किश टॉवेलचे डिझाइन ग्राफच्या कागदावर काढण्यात माझी नोकरी गेली. नातवाने हा धागा दाखवला. बाळ, तुझ्या वडिलांना विचार, जकार्डचं डिझाइन कसं बनतं ते त्यांना ठाऊक असेल.

ग्राफवरची एक आडवी ओळ म्हणजे एक पंचकार्ड, म्हणजे धोट्याची एक फेरी. कार्डाला भोक असेल तिथला हुक वर जातो आणि त्याचा ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे धागा खालीच. मधलं काही नसतं. अर्धा चौकोन काढता येत नाही. त्यामुळे मोर काढायचा झाला तर मोराचं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. तुरा, मानेचा बाक आणि पिसाऱ्याची कड ठेवली की मोर झाला. डोळा एक चौकोन. पाय पुष्कळ वेळा काढलेच नाहीत, आणि गिऱ्हाईकाने मोराला पाय कुठे म्हणून कधी विचारलं नाही. तिरकी रेघ ग्राफवर जिन्यासारखी होते, म्हणून कुठला बाक दोन चौकोनांत घ्यायचा आणि कुठला तीन, यातच कारागिराचं डोकं.

तू तुझ्या अव्वाला ग्राफवर काढून बघ. चाळीस चौकोन उंच, सगळी काळी. चेहरा नाही, साडीचे काठ नाहीत. अशी अव्वा ओळखू आली तर तुझं डिझाइन बरोबर. नाही आली तर डोळे कितीही मोठे कर, उपयोग नाही. माझा अंदाज सांगतो. बसलेल्या बाईची पाठ आणि मांडीवरचं सूप, एवढ्या दोनच गोष्टींवर ती ओळखू येईल. सूप पुढून पसरट, मागे निमुळतं असतं. ते तिच्या अंगापासून जरा सुटं दाखव, म्हणजे काळ्यात काळं मिसळणार नाही.

आणखी एक. साडीला बारीक चौकडा घेणार असशील तर नको घेऊस. नातवाच्या मोबाइलवर बारीक चौकड्याचे कपडे लुकलुकताना मी बघतो, डोळ्याला त्रास होतो. रुंद काठ आणि साधं अंग ठेव.

---

रेंडर_चालूय

मी पुण्यात शिकते, मूळची बार्शीची. थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नकोस.

फिल्म तुझ्या मनासारखी कर, पण शोरीलमध्ये फक्त तीच टाकू नकोस. आमच्या सिनियरना जी पहिली कामं मिळाली ती गेमची किंवा मुलांच्या मालिकांची होती, आणि तिथे आधी बघतात की दुसऱ्याने दिलेल्या मॉडेल शीटमध्ये (कॅरेक्टरच्या ठरलेल्या नमुन्यात) राहून तू काम करू शकतेस का. स्वतःच्या रिगवर स्वतःची आजी सुंदर हलवली याने ते सिद्ध होत नाही. म्हणून फुकट मिळणाऱ्या एखाद्या तयार रिगवर एक उडी, एक ढकलणं, एक संवादाचा शॉट करून ठेव. रील एक मिनिटाच्या आत. सगळ्यात चांगला शॉट पहिला.

पुढे शिकायचं मनात असेल तर मात्र अव्वाच चालेल. मुंबईच्या आयआयटीत आयडीसीला अ‍ॅनिमेशनचं एम.डेस. आहे, त्याला सीड परीक्षा लागते. अहमदाबादच्या एनआयडीलाही अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइन आहे, तिथली प्रवेश परीक्षा वेगळी. अशा ठिकाणी तू स्वतः काय बघितलंस हे त्यांना बघायचं असतं, त्यामुळे अव्वाच्या हाताची पेन्सिलची रेखाटनं फेकू नकोस.

ब्लेंडरची काळजी नको करूस. २०२५ साली ज्या लाटव्हियन दिग्दर्शकाच्या चित्रपटाला अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडरमध्येच बनलेला होता.

आणि संदर्भासाठी मोबाइलवर शूट करणार असशील तर हे लक्षात ठेव: मोबाइल बहुतेक वेळा तीस फ्रेमने शूट करतो, तेही कधी कमी कधी जास्त, आणि तुझा सीन चोवीसचा. तसाच आत घेतलास तर फ्रेम मोजून काढलेलं टायमिंग चुकेल. आधी व्हिडिओ स्थिर चोवीसमध्ये बदलून घे, मग फ्रेम मोज.

---

पूर्वभागची_पोर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काका, दादा, ताई, तिघांचंही प्रिंट काढून लॅपटॉपच्या मागे भिंतीला लावलंय.

सराव बघायला वडिलांबरोबर गेले. दादा, तुम्ही पाय बघ म्हणालात म्हणून मी आधी बराच वेळ वर बघितलंच नाही. काय दिसलं ते लिहिते, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. पेलणाऱ्याचे गुडघे कधीच ताठ होत नाहीत, कायम थोडे वाकलेले. पावलं लहान, आणि पाऊल उचलण्याआधी कंबर दुसऱ्या पायावर सरकते, मगच हा पाय सुटतो. नजर टोकावर. काठी उजवीकडे कलली तर तो तिला डावीकडे ओढत नाही, स्वतःच उजवीकडे जातो, टोकाच्या खाली. म्हणजे माणूस काठीला चालवत नाहीये, काठी माणसाला चालवतेय. थांबताना तर अंग थांबतं आणि काठीचं टोक अजून डोलत असतं, आणि त्या डोलण्याला तो बारीक बारीक पावलांनी उत्तर देत राहतो. फॉलो थ्रू (अंग थांबल्यावरही मागून हलत राहणं) आम्हाला वर्गात शेपटीवर आणि वेणीवर शिकवलं होतं. इथे ते माणसाच्या डोक्यावर दोन-तीन मजले उंच होतं.

घरी येऊन अव्वाला उठताना शूट केलं, बाजूने, जमिनीच्या उंचीवरून. ती सूप उजवीकडे ठेवते, मांडीवरची तंबाखू पदराने झटकते, डावा पाय ओढते, उजवा हात चौकटीवर. डोकं इतकं पुढे येतं की क्षणभर वाटतं पडणार. मग बूड सुटतं. त्या वाकलेल्या अवस्थेत ती थांबते आणि तिथेच आईला काहीतरी सांगते, दर वेळी. ते बोलणं मी फिल्ममध्ये घेतलंय, कारण त्यामुळे थांबण्याला कारण मिळालं. आता कॉन्स्टंटवरच बघितलं तरी ती जड वाटते. सरांनी बघितलं आणि चौकटीवरचा हात एक फ्रेम आधी टेकव, एवढंच म्हणाले.

काका, ग्राफवर काढली. पहिल्यांदा काळी केली तर पोतं ठेवल्यासारखी दिसत होती, कारण सूप पोटाला चिकटलं होतं आणि मानेखालची जागाच नव्हती. सूप पुढे सरकवलं, कोपर अंगापासून सोडवलं, मान आणखी पुढे काढली. आता हनुवटी आणि सूप यांच्या मधे एक मोकळी पांढरी जागा दिसते आणि हात नेमके त्या जागेत येतात. वडिलांना न सांगता दाखवलं. ते म्हणाले, "ही अव्वा की, दारात बसलेली." डोळे मी उलट लहानच केले. साडी हिरवी, रुंद लाल काठाची, चौकडा काढून टाकला.

ताई, राग कशाचा? तुमचं पटलं. तयार रिगवर ढकलण्याचा शॉट सुरू केलाय, अडकलेला हातगाडा ढकलणारा माणूस. वजन म्हणजे काय ते आता हातात आलंय तर दुसऱ्याच्या रिगवरही करून बघते.

फक्त एक ठिकाणी अजून अडलंय. विडी सुपात पडते तेव्हा कन्स्ट्रेंटचा प्रभाव शून्यावर आणला की विडी भलत्याच जागी उडी मारते. सुपात न पडता उंबऱ्याबाहेर जाते.

---

हैदराबादचा_सोलापूरकर

उडी मारते कारण कन्स्ट्रेंट बंद झाल्यावर विडी तिच्या स्वतःच्या मूळ जागेवर परत जाते. आधी सुटण्याच्या एक फ्रेम अलीकडे लोकेशन आणि रोटेशनला की देऊन ठेव. मग ज्या फ्रेमला हातातून सुटायची त्या फ्रेमवर जा. ऑब्जेक्ट मेनूत अप्लाय, तिथे व्हिज्युअल ट्रान्सफॉर्म कर, म्हणजे ती दिसतेय तीच तिची जागा होईल. लोकेशन आणि रोटेशनला की दे. प्रभाव आधीच्या फ्रेमला एक, या फ्रेमला शून्य, दोन्ही कीज कॉन्स्टंट. प्रभावाची की मऊ राहिली तर विडी अर्धी इकडे अर्धी तिकडे सरकत जाईल. सुटण्याच्या फ्रेमच्या पुढे जुन्या लोकेशनच्या कीज राहिल्या असतील तर त्या आधी काढ.

पडताना तिला वजन देऊ नकोस, विडी हलकी असते. तीन-चार फ्रेममध्ये सुपात, एकदा किंचित घरंगळली की पुरे. नाहीतर लाकडाचा ओंडका पडल्यासारखं दिसेल.

थांबून आईशी बोलणं ठेव, कोणी काही म्हणालं तरी काढू नकोस. आवाज अव्वाचाच रेकॉर्ड कर, तेलुगूत बोलत असेल तर तेलुगूतच. रीलमध्ये उठण्याचा शॉट पहिला टाक, हातगाड्याचा दुसरा. तयार झाली की मला निरोप पाठव, आमच्या लीडना मी स्वतः दाखवतो.